क्रीट बेटाची सहल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ग्रीसमधल्या क्रीट बेटावर पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी ही उत्तरं आहेत. भारतातून जाणारे आणि युरोप-अमेरिकेत राहणारे, दोघांचाही विचार केला आहे. सुरुवात अशा प्रश्नाने करतो, ज्याचं उत्तर चुकलं की बाकीचं सगळं नियोजन चुकतं.

क्रीट केवढं आहे? चार दिवसांत सगळं पाहून होईल का?

नाही होणार. क्रीट हे ग्रीसचं सर्वांत मोठं बेट. पूर्व-पश्चिम लांबी सुमारे २६० किलोमीटर, रुंदी कुठे १२ तर कुठे ६० किलोमीटर. पण इथे लांबीपेक्षा उंचीच जास्त वेळ खाते. पश्चिमेला लेफ्का ओरी म्हणजे 'पांढरे डोंगर', मध्ये प्सिलोरितिस आणि पूर्वेला दिक्ती, अशा तीन डोंगररांगा बेटाच्या कण्यासारख्या उभ्या आहेत. प्सिलोरितिसचं शिखर २,४५६ मीटर आहे, म्हणजे कळसूबाईपेक्षा ८०० मीटरने जास्त. लेफ्का ओरीतलं पाखनेस त्याहून फक्त ३ मीटरने कमी. तिथे मे महिन्यातही बर्फाचे पट्टे दिसतात.

मोठी शहरं आणि हमरस्ता उत्तर किनाऱ्यावर आहेत. दक्षिण किनाऱ्याने सलग रस्ताच नाही. नकाशावर शेजारी दिसणाऱ्या दक्षिणेच्या दोन गावांत गाडीने जायचं तर बहुतेक वेळा पुन्हा डोंगर चढून आत यावं लागतं आणि दुसऱ्या खिंडीतून उतरावं लागतं. म्हणून इथे अंतर किलोमीटरमध्ये न मोजता तासांत मोजा. हानिया ते रेथिम्नो ६० किलोमीटर, एक तास. रेथिम्नो ते हेराक्लिओन ८० किलोमीटर, सव्वा ते दीड तास. पण हानिया ते दक्षिणेचं होरा स्फाकिऑन जेमतेम ७० किलोमीटर असूनही दीड तास धरावा लागतो, आणि एलाफोनिसीच्या किनाऱ्याला ७५ किलोमीटरसाठी पावणेदोन तास.

चार दिवस असतील तर एकच शहर धरा. आठवडा असेल तर बेटाचा एक अर्धा भाग. पूर्व आणि पश्चिम दोन्ही हवं असेल तर किमान दहा दिवस ठेवा आणि मुक्काम दोन-तीन ठिकाणी वाटून घ्या. एकाच हॉटेलातून रोज दोनशे किलोमीटर जाऊन-येऊन करण्याचा बेत सहलीची पार रया घालवतो.

मग पश्चिम निवडावी की पूर्व?

पहिली खेप असेल तर पश्चिम. जुनं बंदरगाव, दरी आणि नावाजलेले किनारे, तिन्ही हानियाच्या आवाक्यात आहेत. इतिहास आणि पुरातत्त्व हेच मुख्य आकर्षण असेल तर हेराक्लिओन निवडा. क्नोसोस, फाइस्टोस, गोर्तिना, मालिया ही प्राचीन स्थळं सगळी तिथून जमतात. गर्दी अजिबात नको असेल आणि संध्याकाळी साडेनऊनंतर गाव शांत झालेलं चालणार असेल तर पूर्वेचं सितिया.

आठ रात्रींसाठी आमची पसंतीची वाटणी अशी: चार रात्री हानिया, दोन रात्री दक्षिण किनाऱ्यावर (पालेओहोरा, लूत्रो किंवा प्लाकियास) आणि शेवटच्या दोन हेराक्लिओन. हानियाला उतरून हेराक्लिओनहून परत निघालात तर एक अख्खा दिवस वाचतो. गाडी एका ठिकाणी घेऊन दुसरीकडे सोडायचे जादा पैसे पडतात, ते बुकिंगच्या वेळीच विचारून घ्या.

कधी जावं? शाळांच्या सुट्ट्यांत जमेल का?

मे महिन्याची सुट्टी क्रीटसाठी अगदी योग्य वेळेला पडते. डोंगरांवर रानफुलं असतात, सामारिया ही चालत उतरायची दरी १ मेच्या सुमारास उघडते, चालायला हवा सोसवते आणि हॉटेलांचे दर जुलैपेक्षा खाली असतात. उणीव एकच: समुद्र तेव्हा १९–२० अंशांचा असतो. कोकण-गोव्याच्या पाण्याची सवय असलेल्यांना तो चांगलाच गार लागतो. पोहणं हाच मुख्य उद्देश असेल तर सप्टेंबर निवडा, पाणी २५ अंशांच्या आसपास असतं.

दिवाळीच्या सुट्टीत जात असाल तर तारीख बघून ठरवा. ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत बहुतेक सगळं चालू असतं आणि समुद्रही उबदार असतो. महिनाअखेरीस दक्षिणेकडची हॉटेलं बंद व्हायला लागतात, बोटींच्या फेऱ्या कमी होतात आणि पहिल्या मोठ्या पावसात दरी बंद होते. नोव्हेंबरमध्ये शहरं आणि संग्रहालयं चालू राहतात, किनाऱ्यावरची गावं मात्र मिटलेली असतात.

जुलै-ऑगस्टमध्ये ऊन कडक, गर्दी सर्वाधिक आणि 'मेल्तेमी' नावाचा उत्तरेचा वारा. पर्याय असेल तर टाळा.

व्हिसासाठी काय लागतं?

ग्रीस शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे. भारतीय पासपोर्टवर अल्पमुदतीचा शेंगेन व्हिसा लागतो. प्रौढांसाठी शुल्क ९० युरो, ६ ते १२ वर्षांच्या मुलांसाठी ४५ युरो, शिवाय अर्ज केंद्राचं सेवाशुल्क. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, किमान १५ दिवस आधी करावाच लागतो. मेच्या सुट्टीसाठी भेटीची वेळ मिळणं हेच अवघड काम असतं, त्यामुळे फेब्रुवारीतच हालचाल करा. प्रवास विम्याचं संरक्षण किमान ३०,००० युरोंचं हवं. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत दिलेला, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने चालणारा आणि दोन कोरी पानं असलेला हवा.

एका सहलीत ग्रीस आणि इटली दोन्ही करणार असाल तर जिथे जास्त रात्री राहणार त्या देशाकडे अर्ज करायचा. जर्मनी, नेदरलँड्स यांसारख्या शेंगेन देशाचा वैध निवास परवाना असलेल्यांना वेगळा व्हिसा लागत नाही. ब्रिटन किंवा अमेरिकेचा व्हिसा वा निवास परवाना मात्र इथे चालत नाही. त्या देशांत राहणाऱ्या भारतीय पासपोर्टधारकांना तिथून शेंगेन व्हिसा काढावाच लागतो.

तिथे पोहोचायचं कसं?

मुंबईहून अथेन्स, आणि अथेन्सहून हानिया किंवा हेराक्लिओन. हे शेवटचं उड्डाण सुमारे ५० मिनिटांचं. इमिग्रेशन अथेन्सलाच होतं, त्यामुळे दोन विमानांत तीन तासांचं अंतर ठेवा. दोन तिकिटं वेगवेगळी काढली असतील तर चार. पहिलं विमान उशिरा आलं आणि दुसरं चुकलं, तर वेगळ्या तिकिटावर कुणी जबाबदारी घेत नाही. ब्रिटन, जर्मनीत राहणाऱ्यांना साधारण एप्रिल ते ऑक्टोबर थेट विमानं मिळतात.

दुसरा मार्ग रात्रीच्या जहाजाचा, आणि तो आम्हाला मनापासून आवडतो. अथेन्सच्या पिरेअस बंदरातून रात्री नऊ-दहाच्या सुमारास जहाज सुटतं आणि पहाटे सहाच्या आसपास हेराक्लिओनला किंवा हानियाजवळच्या सूदा बंदराला लागतं. एका रात्रीचं हॉटेल वाचतं. केबिन घेतली तर झोप नीट होते. नुसतं खुर्चीचं तिकीट काढलं तर एसी इतका थंड असतो की चादर किंवा शाल सोबत हवीच. विमानतळावरून मेट्रो थेट पिरेअसला जाते, तासाभरात. पण बंदर प्रचंड मोठं आहे आणि मेट्रो स्टेशनपासून तुमचं प्रवेशद्वार लांब असू शकतं. तिकिटावरचा प्रवेशद्वार क्रमांक आधी पाहा आणि जहाज सुटण्याच्या किमान एक तास आधी तिथे पोहोचा.

सूदा ते हानिया शहर ७ किलोमीटर, शहर बस मिळते. हेराक्लिओनचं बंदर शहरालाच लागून आहे. नकाशे आणि फलकांवर हानियाचं इंग्रजी स्पेलिंग कधी 'सी'ने तर कधी 'एच'ने सुरू होतं. गाव एकच.

गाडी भाड्याने घ्यावी का? भारतीय परवाना चालतो का?

शहरांबाहेर पडायचं असेल तर घ्या. भारतीय परवान्यासोबत आंतरराष्ट्रीय वाहन परवाना लागतो. तो निघण्याआधी भारतातच आरटीओमधून काढावा लागतो. पासपोर्ट, व्हिसा आणि तिकिटाच्या प्रती जोडायच्या, मुदत जास्तीत जास्त एक वर्ष. काउंटरवरच्या माणसाने मागितला नाही म्हणून तो लागत नाही असं समजू नका. अपघात झाला तर विमा कंपनी पहिला कागद तोच मागते. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा आणि ऑस्ट्रेलियाचा परवाना असलेल्यांना त्याची गरज नाही.

ऑटोमॅटिक गाड्या कमी आणि महाग असतात. तीच हवी असेल तर दोन-तीन महिने आधी सांगून ठेवा. अनामत रकमेसाठी क्रेडिट कार्ड लागतं, आणि ते चालकाच्याच नावाचं असावं लागतं. विमा घेताना 'पूर्ण' या शब्दावर जाऊ नका. टायर, काचा, गाडीचा तळ आणि कच्च्या रस्त्यावरचं नुकसान त्यात येतं का, हे चार प्रश्न स्वतंत्र विचारा. क्रीटमध्ये गाडीचं नुकसान बहुतेक वेळा याच चार ठिकाणी होतं. ताबा घेताना चारही बाजूंनी व्हिडिओ काढून ठेवा.

रस्त्यांवर काय सांभाळायचं?

आंबेनळी किंवा वरंधा घाटात गाडी चालवलेल्यांना इथली वळणं नवी नाहीत. नवं आहे ते उजव्या बाजूने चालवणं. चूक सहसा पहिल्या दिवशी, पेट्रोल भरून किंवा रिकाम्या चौकातून बाहेर पडताना होते, कारण समोर दुसरी गाडी नसते. शेजारी बसलेल्याने अशा जागी तोंडाने 'उजवीकडे' म्हणायचं, एवढं ठरवून टाका.

उत्तरेच्या हमरस्त्याचा बराच भाग दोनच पदरी आहे, बाजूला रुंद पट्टा. संथ गाडीने अर्धी त्या पट्ट्यावर सरकून मागच्याला वाट द्यावी अशी तिथली रीत आहे. मागची गाडी जवळ आली की तुम्हीही सरका, पण वळणाआधी नाही. पुढे पट्ट्यावरच कुणी गाडी उभी केलेली किंवा सायकलवाला असू शकतो. रात्री तर त्या पट्ट्यावर जाऊच नका.

डोंगरात पेट्रोलपंप विरळ आहेत आणि रविवारी किंवा संध्याकाळनंतर बंद असतात. टाकी अर्ध्यावर आली की भरा. बकऱ्यांचे कळप वळणापलीकडे रस्त्यातच बसलेले असतात. मोबाइलचा नकाशा कधी कधी दहा मिनिटं वाचवण्यासाठी ऑलिव्हच्या बागांमधल्या कच्च्या वाटेवर नेतो, म्हणून वळण्याआधी पुढचा रस्ता डांबरी आहे ना हे पाहा. गावांत रस्ता अचानक दोन भिंतींमध्ये चिंचोळा होतो. तिथे आत न घुसता वेशीवर गाडी लावून चालत जाणं शहाणपणाचं.

गाडी न चालवता क्रीट पाहता येईल का?

येईल, आणि बरंच काही. बेटावर रेल्वे नाही, पण केटेल या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बसगाड्या भरवशाच्या आहेत. हानिया, रेथिम्नो, हेराक्लिओन या मार्गावर दिवसभर साधारण तासाला एक गाडी असते. मोठं सामान पोटातल्या कप्प्यात जातं. एलाफोनिसी, ओमालोस, होरा स्फाकिऑन अशा ठिकाणी मोसमात सकाळी जाणाऱ्या आणि दुपारी-संध्याकाळी परतणाऱ्या मोजक्या फेऱ्या असतात. परतीची शेवटची गाडी चुकली तर टॅक्सीला शंभर युरोंच्या वर सहज जातात. वेळापत्रक ऋतूप्रमाणे बदलतं, म्हणून आदल्या संध्याकाळी बसस्थानकावर जाऊन खात्री करा.

दक्षिण किनाऱ्यावर बोट हीच बस. पालेओहोरा, सुगिया, आगिया रूमेली, लूत्रो आणि होरा स्फाकिऑन ही गावं मोसमात फेरी बोटीने जोडलेली असतात. लूत्रो आणि आगिया रूमेलीला तर गाडीचा रस्ताच नाही. चाकांची मोठी सूटकेस घेऊन तिथे जाऊ नका, पाठीवरची पिशवी बरी.

हानियाच्या जुन्या शहरात नेमकं काय पाहायचं?

या एका गावात सगळे काळ एकमेकांना चिकटून उभे आहेत. बंदरामागच्या कास्तेली टेकडीवर मिनोअन म्हणजे क्रीटच्या प्राचीन संस्कृतीच्या काळातल्या किडोनिया नगराचे अवशेष आहेत, साडेतीन हजार वर्षांपूर्वीचे. तेराव्या शतकात व्हेनिसची सत्ता आली आणि १६४५ मध्ये ऑटोमन तुर्कांनी शहर घेतलं. १८९८ मध्ये क्रीट स्वायत्त झालं तेव्हा राजधानी हानियाच होती. १ डिसेंबर १९१३ रोजी पश्चिमेकडच्या फिर्कास किल्ल्यावर ग्रीसचा ध्वज चढला. पुढे मे १९४१ मध्ये जर्मन छत्रीधारी सैनिक या भागात उतरले, तेव्हाच्या बॉम्बफेकीत पडलेल्या काही इमारतींच्या भिंती आजही छपराविना उभ्या दिसतात.

सकाळी आठच्या आत बंदरावर जा. पूर्वेकडच्या टोकाने धक्क्यावरून दीपगृहापर्यंत चालत जाता येतं, जाऊन-येऊन साधारण तासभर. दीपगृह व्हेनिसकालीन, पण आजचा मनोरा १८३० च्या दशकात, इजिप्तची सत्ता असताना नव्याने बांधलेला. वाटेत नेओरिया म्हणजे व्हेनिसच्या गलबतांचे कमानदार कारखाने लागतात. पाण्याकाठची बिनमिनाराची घुमटाकार इमारत म्हणजे जुनी मशीद, आता तिथे प्रदर्शनं भरतात. तिच्या मोठ्या घुमटाला बाहेरून दगडी कमानींचा आधार दिलेला आहे. ही घडण तिच्याभोवती एक फेरी मारल्याशिवाय लक्षात येत नाही.

जेवायला मात्र बंदराच्या पहिल्या रांगेत बसू नका. तिथे दृश्याचे पैसे मोजावे लागतात. दोन गल्ल्या आत, पूर्वेकडच्या स्प्लांत्सिया चौकात वडाएवढ्या मोठ्या प्लेन (चिनार) झाडाखाली बसा. शेजारच्या आगिओस निकोलाओस चर्चला एका बाजूला घंटाघर आणि दुसऱ्या बाजूला मिनार आहे. जुन्या शहरात गाड्यांना बंदी आहे, त्यामुळे हॉटेल घेताना गाडी लावायची जागा किती लांब आहे ते विचारा.

रेथिम्नो आणि हेराक्लिओनसाठी किती वेळ द्यावा?

रेथिम्नोला एक दिवस. १५७३ मध्ये बांधायला घेतलेला फोर्तेझ्झा किल्ला संध्याकाळी चढावा, दुपारी आत सावली जवळजवळ नाही. खाली रिमोंदी कारंजं (१६२६), लाकडी सज्जांची तुर्की घरं आणि गावालाच लागून सुरू होणारा लांबलचक वाळूचा किनारा. लहान मुलं बरोबर असतील तर मुक्कामाला हानियापेक्षा रेथिम्नो सोयीचं. जाता-येता आर्कादी मठ पाहा. नोव्हेंबर १८६६ मध्ये ऑटोमन वेढ्यात आत अडकलेल्यांनी दारूगोळ्याचं कोठार पेटवून दिलं होतं. त्या कोठाराचं छप्पर तसंच उघडं ठेवलं आहे.

हेराक्लिओन पहिल्या भेटीत काँक्रीटचं, गजबजलेलं वाटतं आणि बरेच जण तिथून लगेच पळ काढतात. ते बरोबर नाही. शहराभोवतीचा व्हेनिसचा तट पाहा. या तटाने ऑटोमन सैन्याला १६४८ ते १६६९ अशी २१ वर्षं थोपवून धरलं. तटाच्या दक्षिण बुरुजावर लेखक निकोस काझांझाकिस यांची समाधी आहे. बंदरातला कूलेस किल्ला आणि पुरातत्त्व संग्रहालय मिळून पूर्ण दिवस लागतो.

क्नोसोसला गाइड घ्यावा का? लोक निराश का होतात?

निराश होण्याचं कारण बहुतेक वेळा एकच: समोर दिसणारं किती जुनं आणि किती नवं हे कुणी सांगितलेलं नसतं. १८७८ मध्ये मिनोस कालोकेरिनोस या स्थानिक व्यापाऱ्याने इथे पहिलं उत्खनन केलं. १९०० पासून ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ आर्थर इव्हान्स यांनी मोठं काम केलं आणि बरेच भाग काँक्रीटने पुन्हा उभारले. खाली निमुळते होत जाणारे लाल खांब आणि भिंतींवरची चित्रं ही त्या काळातली पुनर्निर्मिती. जिने, कोठारं, मातीचे माणूसभर उंच रांजण, सांडपाण्याच्या वाहिन्या आणि अंगणं मात्र खरी, साडेतीन हजार वर्षांहून जुनी. मूळ चित्रांचे तुकडे हेराक्लिओनच्या संग्रहालयात आहेत.

म्हणून आदल्या दुपारी संग्रहालय आणि दुसऱ्या सकाळी आठ वाजता क्नोसोस, असा क्रम ठेवा. संग्रहालयात बैलावरून कोलांटी घेणाऱ्यांचं भित्तिचित्र, मालियाचं मधमाश्यांचं सोन्याचं पदक आणि फाइस्टोसची चकती चुकवू नका. १९०८ मध्ये सापडलेल्या त्या मातीच्या चकतीवरची चिन्हं अजून कुणाला वाचता आलेली नाहीत. क्नोसोसचं तिकीट ठरावीक वेळेचं असतं, ते ऑनलाइन काढा. हेराक्लिओनहून २ क्रमांकाची शहर बस जाते, अंतर ५ किलोमीटर. गाइड जरूर घ्या, परवानाधारक गाइड प्रवेशद्वारापाशी भेटतात.

पुनर्निर्मिती नको वाटत असेल तर फाइस्टोसला जा. मेस्सारा मैदानावरच्या टेकडीवर, कुठलीही रंगरंगोटी नसलेला राजवाडा, समोर प्सिलोरितिस. हेराक्लिओनहून साधारण ६० किलोमीटर. वाटेतल्या गोर्तिनामध्ये इसवीसनपूर्व पाचव्या शतकातला कायदा भिंतीवर कोरलेला आहे. त्याची एक ओळ उजवीकडून डावीकडे आणि पुढची डावीकडून उजवीकडे जाते. क्नोसोस, फाइस्टोस, मालिया, झाक्रोस, झोमिन्थोस आणि किडोनिया ही सहा मिनोअन केंद्रं २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आली.

सामारिया दरी उतरायला किती तयारी लागते?

रोज चालण्याची सवय आणि धड गुडघे असतील तर जमते. पण 'उतारच तर आहे' असं समजून जाणारे अडचणीत येतात. एकूण चाल १६ किलोमीटर. सुरुवात झिलोस्कालो इथे, सुमारे १,२३० मीटरवर, आणि शेवट समुद्रकाठच्या आगिया रूमेलीत. वेळ पाच ते सात तास.

हानियाहून पहाटेच्या बसने ओमालोसच्या पठारावर जायचं, वर जर्किन लागावं एवढा गारवा असतो. तिकीट जपून ठेवा, बाहेर पडताना ते तपासतात, कारण आत कुणी अडकलं नाही ना याचा हिशेब त्यावरून लागतो. पहिल्या तीन-चार किलोमीटरमध्येच निम्म्याच्या आसपास उंची उतरते. दगडी पायऱ्या, लाकडी कठडा आणि घासून गुळगुळीत झालेले दगड. पायाची बोटं बुटाच्या टोकावर आदळत राहतात. नखं आदल्या दिवशी कापा आणि उतरायच्या आधी बुटाची नाडी घोट्यापाशी घट्ट बांधा. नवे बूट नकोत, चप्पल-सँडल तर नकोतच. पाण्याची एक लिटरची एकच बाटली पुरते, वाटेत झऱ्यांचे नळ आहेत. खायला मात्र काही मिळत नाही.

मध्यावर जुनं सामारिया गाव लागतं. राष्ट्रीय उद्यान झालं तेव्हा, १९६२ मध्ये, रहिवाशांना ते सोडावं लागलं. तिथे बसा, खा, पाय मोकळे करा. क्री-क्री नावाचे रानटी बोकड जवळ येतात, त्यांना खायला घालू नका. पुढे दगड कोसळण्याच्या सूचना असलेल्या पट्ट्यात थांबून फोटो काढू नका. 'लोखंडी दरवाजे' म्हणतात तिथे दरी तीन-चार मीटर रुंद होते आणि दोन्ही बाजूंना शेकडो मीटरचे कडे. फाटकाबाहेर पडल्यावर गावापर्यंत उरलेली वाट उन्हात तापलेली असते, आणि थकलेले लोक नेमके इथेच कोसळतात. थोड्या पैशांत छोटी बस नेते, ती घेण्यात कमीपणा नाही.

आगिया रूमेलीतून बाहेर पडायला फक्त बोट. पोहोचताच तिचं तिकीट काढा, मग समुद्रात उतरा. संध्याकाळची बोट सुगिया किंवा होरा स्फाकिऑनला नेते आणि तिथे हानियाची बस उभी असते. तुमची बस कुठल्या गावाहून आहे हे सकाळीच पक्कं करा, कारण दोन्ही बोटी विरुद्ध दिशांना जातात. वरती स्वतःची गाडी लावली असेल तर सुगियाहून पुन्हा डोंगर चढून ओमालोसला जावं लागतं, म्हणून त्या दिवशी बसच बरी. पाऊस, फार उष्णता किंवा खवळलेला समुद्र असेल तर दरी बंद ठेवतात. हा बेत सहलीच्या शेवटच्या दिवशी ठेवू नका.

आईबाबांचे गुडघे दुखतात. दुसरी दरी आहे का?

इम्ब्रोस. आठ किलोमीटर, दोन-तीन तास, उतार सौम्य. तीही दगडगोट्यांचीच, पण दम काढणारी नाही. खालच्या टोकाहून वर गाडीपर्यंत यायला टॅक्सी किंवा पिकअप मिळतो. अजिबात चालायचं नसेल तर लासिथीचं पठार गाडीतून पाहा, ८०० मीटरहून उंच, डोंगरांच्या मधोमध सपाट शेती.

बालोस, एलाफोनिसी की फालासार्ना?

एकच निवडायचा असेल आणि बरोबर मुलं असतील तर एलाफोनिसी. पाणी दूरवर गुडघाभर. वाळूतला गुलाबी रंग सूक्ष्म सागरी जिवांच्या कवचांच्या चुऱ्याचा आहे. सगळा किनारा गुलाबी नसतो, पाण्याच्या कडेने आणि पलीकडच्या बेटाच्या बाजूने पट्टे दिसतात. वाळू नेण्यास बंदी आहे आणि दोरी लावलेल्या वाळूच्या टेकड्यांवर जायचं नाही. सकाळी दहाच्या आत पोहोचा. वाटेत तोपोलिया इथला बोगदा एकपदरी आहे, सिग्नलवर थांबावं लागतं.

बालोसचं देखणेपण वरून दिसतं. कालिव्हियानीहून जवळपास आठ किलोमीटर कच्चा रस्ता, वाहनतळापासून पुढे पायऱ्यांची वाट. उतरायला वीस-पंचवीस मिनिटं, चढायला दुपारच्या उन्हात पाऊण तास. भाड्याच्या गाडीचा विमा या रस्त्यावर सहसा लागू होत नाही. किसामोस बंदरातून मोठी बोट जाते, ती ग्राम्वूसाच्या किल्ल्यालाही थांबते. मात्र बोटीने गेलात तर गर्दीच्या वेळीच पोहोचता. सावली नाही, पाणी आणि टोपी न्याच.

फालासार्ना मोठा, मोकळा, पश्चिमेला तोंड करून, सूर्यास्तासाठी उत्तम. उत्तर टोकाला प्राचीन बंदर आहे, पण ते आज कोरड्या जमिनीवर आहे. इसवीसन ३६५ च्या भूकंपात क्रीटचा पश्चिम किनारा काही मीटर वर उचलला गेला आणि बंदर पाण्याबाहेर आलं. जहाजं दोराने बांधून ठेवायचे दगड आज मातीत उभे दिसतात. पुरातत्त्वाची आवड नसणाऱ्यांनाही हे पाहून थक्क व्हायला होतं.

दक्षिणेला फ्रांगोकास्तेलो, व्हेनिसच्या चौकोनी किल्ल्याखाली उथळ पाणी. आमच्या मते पोहता न येणाऱ्यांसाठी सर्वांत निर्धास्त जागा.

समुद्र सुरक्षित आहे का?

वारा नसताना आरशासारखा. उत्तर किनाऱ्यावर मेल्तेमी वाहत असताना मात्र लाटांखालची ओढ जोरदार असते, आणि दरवर्षी पर्यटक बुडतात. लाल बावटा असेल तर गुडघ्यापर्यंतही उतरू नका. ओढीत सापडलात तर किनाऱ्याच्या दिशेने झगडू नका, आधी किनाऱ्याला समांतर पोहून ओढीबाहेर या. वारा असेल त्या दिवशी पालेओहोरा सोयीचं: भूशिराच्या पश्चिमेला वाळूचा किनारा, पूर्वेला गोट्यांचा, एका बाजूला लाटा असल्या तर दुसरी बाजू बहुधा शांत असते. खडकाळ जागी सी-अर्चिन या समुद्री जिवाचे काटे पायात मोडतात, त्यासाठी रबरी बूट घ्या. जून ते ऑक्टोबर रेथिम्नो आणि मातलाच्या बाजूला वाळूत छोटे पिंजरे दिसले तर ती समुद्री कासवांची घरटी आहेत, जवळ छत्री रोवू नका.

शाकाहारी माणसाचं जेवणाचं काय?

उत्तम होतं. दाकोस म्हणजे जवाच्या कडक पावावर किसलेला टोमॅटो, मिझिथ्रा चीज आणि ऑलिव्ह तेल. हानियाची खासियत बुरेकी, त्यात झुकिनी, बटाटा आणि मिझिथ्रा. शिवाय उकडलेल्या रानभाज्या म्हणजे होर्ता, मोठ्या घेवड्याचे यिगांतेस, भाज्यांचं ब्रियाम, भात भरलेली ढोबळी मिरची-टोमॅटो म्हणजे येमिस्ता, आणि गोडात मध घातलेली स्फाकियाची पातळ पोळी. भरलेल्या भाज्यांत आणि द्राक्षाच्या पानांच्या गुंडाळ्यांत कधी खिमा असतो, विचारून घ्या.

दोन जागी फसगत होते. गामोपिलाफो हा पांढरा भात साधा दिसतो, पण तो मांसाच्या रश्श्यात शिजवलेला असतो. आणि 'निस्तीसिमो' म्हणजे उपवासाचा पदार्थ: त्यात मांस, दूध, अंडं नसतं, पण कोळंबी, ऑक्टोपस चालतात. ग्राव्हिएरासारख्या चीजमध्ये जनावराच्या जठरातलं रेनेट वापरतात, कडक पथ्य असणाऱ्यांनी ते टाळावं. जैन जेवण मिळेल असं धरू नका. स्वयंपाकघर असलेली खोली घ्या आणि बाजारातून भाजी, डाळी आणा.

जेवण संपल्यावर फळं किंवा गोड आणि छोट्या बाटलीत त्सिकुदिया ही कडक दारू आपणहून आणून ठेवतात. त्याचे पैसे नसतात. नको असेल तर हसून नाही म्हटलं तरी कुणी मनाला लावून घेत नाही. गाडी चालवणाऱ्याने तर नाहीच म्हणावं.

स्पिनालोंगा बेटावर कुठून जावं?

प्लाकाहून. बोटीला जेमतेम दहा मिनिटं. एलुंडाहून थोडा जास्त वेळ, आगिओस निकोलाओस या शहराहून तासाभराच्या आसपास. व्हेनिसचा १५७९ मधला किल्ला, आणि १९०३ ते १९५७ कुष्ठरोग्यांची वसाहत. घरं, दुकानं, दवाखाना, दफनभूमी सगळं पाहायला दीड तास. तिथे राहिलेल्यांची आठवण ठेवून आवाज खाली ठेवावा, अशी आमची विनंती.

हॉटेलात शेवटच्या दिवशी जादा पैसे का मागतात?

तो सरकारी कर आहे. तो ऑनलाइन भाड्यात बहुधा धरलेला नसतो. एप्रिल ते ऑक्टोबर दर खोलीला दर रात्री, एक-दोन तारांकित हॉटेलात २ युरो, तीन तारांकितमध्ये ५, चार तारांकितमध्ये १० आणि पाच तारांकितमध्ये १५. हिवाळ्यात कमी. आठ रात्रींचा हिशेब आधीच करून ठेवा.

किरकोळ पण विचारलेच जाणारे प्रश्न: प्लग, पाणी, शौचालय, दुकानं?

वीज २३० व्होल्ट. आपला दोन गोल पिनांचा पातळ प्लग बहुधा बसतो, तीन पिनांना अडॅप्टर लागतो. शौचालयात कागद भांड्यात न टाकता शेजारच्या डब्यात टाकायचा, नळ अरुंद असल्याने तुंबतात. कार्ड जवळपास सगळीकडे चालतं, डोंगरातल्या गावांसाठी पन्नास-शंभर युरो रोख ठेवा. छोटी दुकानं दुपारी दोननंतर बंद होतात आणि ठरावीक दिवशीच संध्याकाळी उघडतात. दुपारी तीन ते साडेपाच विश्रांतीची वेळ, गल्लीत मोठ्याने बोलू नका. मठ-चर्चमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. तातडीच्या मदतीसाठी ११२, कुठल्याही मोबाइलवरून फुकट.

परतीच्या दिवशी काय काळजी घ्यावी?

दक्षिण किनाऱ्यावरून थेट विमान गाठायचा बेत करू नका. वारा वाढला की बोटी थांबतात, आणि लूत्रोसारख्या गावातून मग पायवाटेनेच निघावं लागतं. शेवटची रात्र उत्तरेकडच्या, ज्या शहरातून विमान आहे त्याच शहरात काढा. हानियाचा विमानतळ शहरापासून १४ किलोमीटर, हेराक्लिओनचा ५. ऑलिव्ह तेल आणि मध घेतला असेल तर चेक-इनच्या सामानातच टाका, हातातल्या पिशवीतून ते सुरक्षा तपासणीत काढून घेतात. तेल डब्यातलं घ्या, काचेच्या बाटलीतलं नको.